पत्रकाचं प्रूफ

दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
सरोजताई बारापात्रे माझ्या दुकानात येतात,
गोळीबार चौकाच्या अलीकडे, सायकलवाल्याच्या माडीवर.
प्लास्टिकची खुर्ची ओढतात, चपला काढतात
आणि दिल्लीपासून सुरुवात करतात.

लिही, गॅसची टाकी. लिही, पोरं शिकून घरी बसली.
लिही, प्रश्न विचारला तं उत्तर नाही,
उत्तर आलं तं ते दुसऱ्याच प्रश्नाचं.
मी टंकत जातो.
दिल्लीला अर्धं पान लागतं, मुंबईला पाव,
हिवाळी अधिवेशनाला चार ओळी:
सरकार येते, थंडीची तारीफ करते,
संत्र्यांच्या पेट्या गाडीत टाकून परत जाते.
उरलेल्यात महानगरपालिका.
आणि तांडापेठ, जिने त्यांना निवडून दिलं,
ती नऊ पॉइंटात, अगदी तळाशी,
मुद्रकाच्या नावाला चिकटून.

"अक्षर लय बारीक झालं, बाप्पा."
"ताई, पान एकच आहे."
"मग देश थोडा कमी कर."

खरं सांगायचं तर सत्तेतल्या पाठराबेंचं पत्रकही
मीच करतो. सोमवारी.
चौकट तीच, फक्त पट्टीचा रंग बदलायचा.
'विकासाला खीळ' ही ओळ तयारच असते माझ्याकडे;
वीस वर्षांत ती दोन्ही घरी राहून आली,
उसन्या शिडीसारखी.

या जुलैत ताई मंगळवारीच आल्या.
लुगडं पोटरीपर्यंत ओलं, हातात सुताराची टेप.
"देवाजी हेडाऊच्या घरून आली मी. मोजून.
रस्ता वर, उंबरठा खाली. अकरा इंच.
खड्ड्याचा माग हाय त्याचा. पाय सोडून बसायचा खड्डा
नालीच्या पाण्यानं भरला.
अर्धं लुगडं अजून मागावरच हाय.
हे वर घे. दिल्ली मागून."

मी लिहिलं, अकरा इंच. छत्तीस पॉइंट, ठळक.
'सत्ताधाऱ्यांच्या बेफिकिरीमुळे' हे मी
आपल्याच मनानं जोडलं, सवयीनं.

मग फोटोसाठी जुनं फोल्डर उघडलं. तिथंच चुकलं.
त्यात ताईच होत्या. केस काळे, हातात नारळ,
मागे मिक्सर, आणि खाली माझ्याच फाँटात:
'तांडापेठेत सिमेंट रस्ता.
विरोधकांनी राजकारण करू नये.'

मी पडदा वळवला नव्हता. त्यांनीच वाकून पाहिलं.
खाली सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे शोधत होता.
ताईंनी टेप बाहेर ओढली, सोडली.
पुन्हा ओढली.
"तवा चार इंच चढला होता," म्हणाल्या.
"वरचे सात त्यायचे. खालचे चार माये.
लिही तसंच."

लिहिलं. पुसलं. परत लिहिलं.
तेवढ्यात शहराध्यक्षांचा फोन.
हो भाऊ, राष्ट्रीय मुद्दे आहेत. हो, वरच आहेत.
बोलता बोलता दुसऱ्या हातानं
त्यांनी मला प्रिंटर दाखवला.

हजार प्रती. पिवळा कागद, स्वस्तातला.
शुक्रवारी एक तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटली,
प्लेटखाली, तेलानं आरपार.
ठेलेवाल्यानं विचारलं, काऊन हो, हे कशाचं माप?
मी पोहे संपवले.

सोमवारी पाठराबेंचा माणूस आला,
तोच पिवळा कागद घडी करून खिशात.
म्हणाला, ही चार इंचाची ओळ उचला,
आमच्याकडे वर टाका,
त्यांच्या सहीसकट, मोठ्या अक्षरात.

आणि सात?

तो माझ्याकडे बघत राहिला.
"सात कोणते?"