चार चादरी, वर एक टॉवेल

कोंगारींची शिडी. तिसरी पायरी नाही.
वर मी, खाली नाना,
मधे पिवळी टेप,
चौदा फुटांवर हमखास अडणारी
आणि सुटली की बोट कापत डबीत शिरणारी.

रस्त्याच्या अंगाला पंधरा फूट चार इंच.
मोरीच्या अंगाला पंधरा दहा.
पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा दहा.
"नाना, खोली वाकडी आहे!"
ओरडावंच लागतं.
एकतीस वर्षं यंत्रमागांत उभं राहून
त्यांचे कान भद्रावती पेठेतल्या त्या शेडमध्येच राहिले,
शेड भंगारात गेली तेव्हा कुणी परत मागितले नाहीत.
"वाकडी कशाची," ते म्हणाले,
"गवंड्यानं एका बाजूचा ताणा सैल सोडला, एवढंच."

मग वर बघत, डोळे बारीक करून
त्यांनी हिशेब सांगितला:
"चार चादरी. वर एक टॉवेल."
साठ बाय नव्वदची चादर.
मी मोबाइलवर गुणाकार केला,
दोनदा केला,
आणि मोबाइल खिशात टाकला.

जुन्या पत्र्याला खिळ्याखिळ्याशी गंज.
दुपारी जमिनीवर उजेडाचे पैसे पडतात,
अम्मा त्यांच्यातून सूप सरकवत बसते,
एक पैसा चुकवला की दुसरा पानांवर.
सोलापूरचा एप्रिल. साडेआठलाच
पत्र्याला टेकलेला तळहात
मी झटक्यात उचलला.

दुकानात शेठच्या मुलानं तीन नमुने मांडले.
एक निळा, रंग दिलेला, चकचकीत.
एक सिमेंटचा, करडा, तोंड पाडून बसलेला.
तिसऱ्याच्या पोटात फोम, दाबला तर केकसारखा.
तिसऱ्याचा भाव नानांना ऐकू आला नाही.
हे त्यांना सोपं जातं.
"पावसात निळा फार वाजतो," मुलगा म्हणाला.
"वाजू दे की," नाना म्हणाले,
म्हणजे भाव सोडून बाकीचं येत होतं ऐकू.

अम्मा काहीच बोलली नाही.
पिशवीतून ओल्या फडक्याची घडी काढली,
त्यातून तेंदूची तीन पानं.
दुकानाच्या पायरीवर, उन्हात,
विटांच्या तुकड्यांवर तिन्ही नमुने ठेवले,
प्रत्येकाखाली एक पान.
"वीस बिड्या वळायचा वेळ," ती म्हणाली
आणि हात मांडीवर ठेवून बसली.
बोटं मात्र हलत होती.

निळ्याखालचं पान चुरचुरलं.
फोमखालचं अजून झाडावरच होतं जणू.
सिमेंटखालचं वाकलं, थोडं कुरकुरलं,
पण वळलं.
"हे," अम्मा म्हणाली.
शेठच्या मुलानं गॅरंटीचं पत्रक
जसं काढलं होतं तसं आत ठेवलं.

घरी नानांनी जुना आलेख-कागद काढला,
एका बाजूला त्यांनीच काढलेला मोर,
मानेपर्यंत भरलेला,
कंपनी बंद झाली तेव्हा पिसारा राहून गेला.
पाठीमागे त्यांनी छप्पर आखलं.
पाच-पाचच्या दोन ओळी, वीतभर चढ,
पागोळी मोरीकडे, शेजाऱ्याच्या दारात नको.
नऊ चौकोनांत 'सि' लिहिलं.
दहावा कोरा सोडला.

"तो उजेडाचा पत्रा," म्हणाले. "पारदर्शक."
"माझ्या डोक्यावर नको," अम्मा आतून. "पानं वाळतील."
"तुझ्या डोक्यावर नाहीच."
कोऱ्या चौकोनाखाली काय येतं
ते मी टेपनं मोजून पाहिलं.
फरशीत चार बुजवलेले खड्डे,
सिमेंट वेगळ्या रंगाचं,
पूर्वी तिथं माग होता, घरचा, एकच.
आता तिथं सिलिंडर आणि माझी सायकल.

मी काही विचारलं नाही.
विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं,
आणि ही गोष्ट ओरडण्यासारखी नव्हती.

यादी केली: नऊ सिमेंटचे, एक काचेसारखा,
हूक, डांबरी वायसर, दोन अँगल.
हूक बावीस लागतात.
नाना म्हणाले चोवीस घे.
दोन हरवतातच.