तळाशी राहणारे

ब्रनोमध्ये, स्विताव्हा नदीच्या पुलाअलीकडे
सात पायऱ्या उतरून माझं दुकान.
खिडकीतून वर बूट दिसतात, खाली मासे.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
आधी बर्फाचे बूट आले,
मग ओल्डरिख कुबात, निवृत्त ट्रामचालक, टोपी हातात.
काचेवर बोट टेकवून म्हणाले,
"तो. केशरी, काळ्या पट्ट्यांचा. एक द्या."

एक देत नाही, मी म्हटलं.
क्लाउन लोच आहे तो. पाच तरी हवेत, सहा बरे.
एकटा पडला की दगडामागे बसतो,
जेवायलाही येत नाही.
आज बोटाएवढा दिसतोय,
पुढे मनगटापासून कोपरापर्यंत होईल,
आणि वीस वर्षं जगेल.

ते हसले. "मी एकाहत्तरचा.
माझ्यामागे त्याचं कोण करणार?"

तेवढ्यात त्यातला एक कुशीवर कलंडला,
वाळूवर, मेल्यासारखा.
कुबात काचेवर टकटक करायला निघाले,
मी हात धरला.
असेच झोपतात ते. पोट भरलं की.
"यार्मिलापण..." म्हणाले
आणि वाक्य तिथेच ठेवलं.

मग मी ते विचारलं, जे पहिल्यांदाच विचारायचं असतं:
घरच्या टाकीत कोण आहे?
"दोन गोल्डफिश. तिचे."
हीटर?
"नाही. तिला खिडकी उघडी लागायची."

संपलं. याला हवं अठ्ठावीस अंशांचं ऊन पाणी,
त्यांना अठराचं गार.
बोलाचाली नसताही छत्तीसचा आकडा.

कुली लोच त्यांना आवडले,
काळ्या-पिवळ्या नूडल्सचा गुंता.
पण तेही उबेला सोकावलेले,
आणि गोल्डफिशच्या तोंडात जे मावतं
ते गोल्डफिशचंच.
स्कंक लोच मी दाखवलेच नाहीत.
एका दंतवैद्याला दिले होते, लांब पंखांच्या एंजलफिशसोबत;
आठवड्यात पंखांच्या चिंध्या.
पैसे मी परत केले.
पंख परत करता येत नाहीत.

शेवटी मागच्या गार टाकीपाशी नेलं.
तिथे नुसती वाळू, आणि वाळूत डोळे.
वेदर लोच. मातकट, लांबोडके, मिश्यांचे.
हवेचा दाब उतरला की यांना आधी कळतं,
वरखाली पळापळ सुरू करतात.
माझे वडील यांचाच एक चुलतभाऊ
बरणीत, खिडकीत ठेवायचे;
बॅरोमीटरला पैसे नव्हते.
गार पाणी चालतं. गोल्डफिशशी भांडत नाहीत.
वाळू मात्र बारीक हवी, नाहीतर मिश्या झिजतात,
आणि झाकण घट्ट, हे पळपुटे आहेत.
"यांना तर रंगच नाही," कुबात म्हणाले.
तळाशी राहणाऱ्याला रंग कशाला, मी म्हटलं
आणि लगेच लाज वाटली,
कारण ते दुकानदाराचं बोलणं होतं.

तीन घेतले. पिशवी कोटाच्या आत, छातीशी.
जुन्या सवयीने जिन्यावर थांबले,
मागून कुणी चढतंय का ते पाहिलं.

मे महिन्यात फोन.
"झ्देन्काबाई, वाळत घातलेलं आत घ्या.
तिघे नाचताहेत."
आकाश तर धुतलेल्या काचेसारखं.
मी हसले. पाचला गारा पडल्या,
माझ्या चादरी चिखलात.

तेव्हापासून त्यांचं ऐकते.
शेजारची बेकरीवालीही विचारते, कुबात काय म्हणतात?

काल फोन आला, वारा नव्हता, ढग नव्हते.
मी दोरीकडे धावणार तोच म्हणाले,
"नाही, आज काही नाही.
तिघेही वाळूत. नुसते डोळे बाहेर.
मोठा गोल्डफिश त्यांच्या अगदी वर उभा आहे, हलत नाही."
थोडं थांबले.
"तेवढंच सांगायचं होतं."

मी बरं म्हटलं. फोन मात्र
दोघांनीही लगेच ठेवला नाही.