बादली

पहाटे पोरं आली ती दुधासाठी नव्हे.
"हिराजीकाका, शेण द्या. ओलं. गाईचंच हवं."

गोठा आमचा बाळकुमला, खाडीच्या अंगाला,
आता तिथे टॉवर आहे
आणि चार मजल्यांवर नुसत्या गाड्या बांधलेल्या असतात.
तेव्हा बावीस म्हशी होत्या, गायी तीन.
हिशेब तुम्हीच करा.
अंधारात भरलेल्या त्या बादलीत
गाईचा वाटा किती होता
ते बादलीला माहीत आणि मला.

सुहृदने कारण सांगितलं,
नौपाड्यातल्या गुरुजींचा मुलगा, चष्म्याला दोरी लावलेला.
गोखले रोडवरच्या त्या काचेच्या दुकानात
बटाट्याच्या कांड्या तळतात
त्या तेलात म्हणे चरबी असते.
गाईची.
'म्हणे' तो फार हळू बोलला.

माझ्या पोटात ढवळलं.
आदल्याच रविवारी गेलो होतो,
निमा आठवीत पहिली आली म्हणून.
तिने मीठ लागलेली बोटं चाटली,
उरलेल्या चार कांड्या मी खाल्ल्या.
गार झाल्या होत्या.
चांगल्या लागल्या.

चांगुणा ऐकून घेतलं आणि गप्प राहिली.
न्हाणीत पाणी काढलं, तुळशीची पानं टाकली,
आधी पोरीच्या डोक्यावर ओतलं, मग माझ्या.
"न कळता खाल्लं गं," मी म्हणालो.
"गाईला तरी कुठे कळलं होतं," ती म्हणाली.

दुपारी दूध घालायला गेलो तर रस्ता अडलेला.
काचेवर शेण, दाराच्या मुठीला शेण,
बाकावर बसवलेल्या रंगीत पुतळ्याच्या
हसऱ्या तोंडात शेण.
घोषणा संपल्या होत्या, पोरं गाडीत बसली होती.
टोपी घातलेली एक मुलगी काच पुसत होती,
कळव्याची असेल, नाहीतर विटाव्याची.
हात बघूनच कळलं मला,
सारवणाऱ्या घरचा हात तो,
फक्त उलटा फिरत होता.

ज्याने आम्ही देवापुढची जमीन सारवतो
तेच कुणाच्या तोंडाला फासायला नेलं त्यांनी.
मी काहीच बोललो नाही.
शेण माझं होतं.

बादली मात्र चौकीत जमा झाली.
दोन दिवसांनी मागायला गेलो.
"मुद्देमाल आहे," हवालदार म्हणाला,
"आणि शेण कुणाचं, लिहून देता का?"
म्हशीचं, असं सांगितलं असतं
तर सुटली असती का पोरं?
का आणखी अडकली असती?

दिवाळीत वसुबारस आली.
सोसायट्यांमधल्या बाया ताटं घेऊन गोठ्यात,
चिखलातून पैठण्या सावरत.
त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य, तळलेलं वर्ज्य,
चांगुणाने बाजरीची भाकरी आणि गवार केली.
"काका, मागच्या वर्षीची ती पांढरी कुठे?"
एका लहान मुलीने विचारलं.
तिच्या आईने तिला मागे ओढलं.

पांढरी म्हणजे चंद्री.
श्रावणात आटली.
नाक्यावरचा माणूस टेम्पो घेऊन आला,
कुठे नेतोस हे विचारायचं नसतं,
बाप मला धार काढायला शिकवायच्या आधी
हे शिकवून गेला.
मी तिच्या कपाळाला हळद लावली होती.
गोऱ्हा पण त्याच टेम्पोत चढला,
उडी मारून चढला, खेळ वाटला त्याला.

पोरांनी शेण मागितलं, दोर मागितला,
एकाने शिंगांचा फोटो मागितला.
त्या लहान मुलीने विचारलं ते
त्यांतल्या एकानेही विचारलं नाही.
मी तरी कुठे विचारलं.

त्या दुकानात मी परत पाय ठेवला नाही.
नातू खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवतो,
आजोबा, नुसतं झाडाचं तेल आहे,
हिरवा ठिपका पण आहे, बघा.
बघतो. ठिपका हिरवाच असतो.
"नको रे," म्हणतो, "गाय आहे आपल्यात."
तो गायीचंच कारण समजतो.
टेम्पोबद्दल त्याला
अजून सांगितलेलं नाही.