बुटांचा खोका

निवृत्तीला अकरा दिवस उरलेत, म्हणून कपाट आवरतेय.
हडर्सफील्डची ही शाळा, उतारावरची, काळ्या दगडाची.
नर्सच्या खोलीत अजून तोच हीटर,
तापण्याआधी खोकणारा.

खालच्या खणात फिल्मची पट्टी, पत्र्याच्या डबीत.
एकोणीसशे शहात्तर. मी बारा वर्षांची,
मिरजेहून येऊन जेमतेम चार महिने.
मुलग्यांना धाडलं फुटबॉलला, धुक्यात.
आम्ही मुली हॉलमध्ये, पडदे ओढून.
'टुंग' वाजलं की मिसेस हार्ग्रीव्हज
पट्टी एक घर पुढे सरकवायच्या
आणि बघायच्या छताकडे.
आधी एक फूल आलं,
मग बोकडाच्या शिंगांसारखं काहीतरी.
मला वाटलं, शेतीचा तास आहे.

पुढच्या महिन्यात आई एवढंच म्हणाली, कावळा शिवला.
मी खिडकीतून पाहिलं:
समोरच्या छपरावर यॉर्कशरचे सात कावळे, भिजलेले,
एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.
आत्याचं पत्र आलं, पोर शहाणी झाली म्हणे.
शहाणी!
जिला इंग्रजीतलंही कळलं नव्हतं
आणि मराठीतलंही.

मग मीच नर्स झाले, याच खोलीत.
पट्टी गेली, कॅसेट आली,
कंपनीची फुकट पाकिटं आली, गुलाबी, गुपचूप वाटायची.
पालकांची पत्रं आली:
आमच्या मुलीला त्या तासाला ग्रंथालयात बसवा.
आणि हा बुटांचा खोका, झाकणाला चीर पाडलेला,
नाव न लिहिता प्रश्न टाकायला. फक्त मुलींसाठी.
मिरजेला आई दर महिन्याला बाहेरची व्हायची,
इथे दर वर्षी मुलगे बाहेर.

आता तसं नाही. आता सगळे एकाच सतरंजीवर.
परवा एजाजनं पॅडवर निळं पाणी ओतलं
आणि विचारलं, मिस, हे निळं का? रक्त लाल असतं ना?
कुणी फिदीफिदी हसलं नाही.
म्हणजे हसले, पण पाणी सांडलं म्हणून.
मॅडी नावाची एक चिमुरडी म्हणाली,
तुम्हाला लहानपणी कोणी सांगितलं?
मी म्हटलं, कावळ्यानं.
ते समजावता समजावता मधली सुट्टी झाली.

खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटलेली.
एक्क्याण्णव सालची. कोपऱ्याला चिखलाचा अंगठा.
'माझ्या आईचं रक्त बाथरूममध्ये दिसलं.
ती मरणार आहे का?'
अक्षर ओळखीचं होतं, तेव्हाही.
नील ड्रान्सफील्ड, बाहेर काढलेल्यांतला,
धावत येऊन चिठ्ठी टाकून गेलेला.
मुख्याध्यापक म्हणाले, खोका मुलींचा आहे.
मी बरं म्हटलं.
इतकंच. बरं म्हटलं, आणि झाकण लावलं.

आज पेन्सिलीनं खाली लिहिलं:
नाही रे. मरणार नाही. ती ठीक आहे.
तेहतीस वर्षं उशिरा,
आणि चिठ्ठी खोक्यात नाही, पर्समध्ये ठेवली.

शनिवारच्या बाजारात तो चीज विकतो.
माझ्यासाठी नेहमी तुकडा जरा जास्तच कापतो.
मागे स्टुलावर त्याची आई बसलेली असते,
सुट्टे पैसे मोजत.