दुसऱ्या आसनाचं वजन

तीस वर्षं लिपोव्काच्या पोस्टात
मी वजनं केली:
व्हिएन्नाला जाणारे मुरंब्याचे डबे,
लष्करात गेलेल्या पोरांचे लोकरी मोजे,
एकदा तर काडेपेटीत जिवंत राणीमाशी,
नऊ ग्रॅम, गुणगुणत.
पोस्ट बंद झालं त्या दिवशी दोन्ही काटे,
लहान आणि मोठा,
मी हातगाडीवर घालून घरी आणले.

व्रातिस्लाव तेव्हा कोठारात विमान बांधत होता.

दोघांचं विमान. कायदा सांगतो,
सगळं मिळून, पॅराशूटसकट,
चारशे साडेबहात्तर किलो, वर गुंजभरही नाही.
आमच्या शेजाऱ्याची गाय याहून जड आहे.
एवढ्यात पंख बसवायचे, ऐंशी घोडे बसवायचे,
पेट्रोल आणि दोन माणसं,
आणि एका माणसाची हौस, जिचं वजन
तो कागदावर मांडत नसे.

म्हणून प्रत्येक वस्तू आधी माझ्या खिडकीशी यायची.
पंखाची बरगडी: एकशे ऐंशी ग्रॅम.
"परत ने," मी म्हणायची.
तो भोकं पाडून आणायचा. एकशे चाळीस.
मूठभर रिवेट, बिजागऱ्या, आसनाची उशी.
(उशी मी नापास केली.)
रंगाचा दुसरा हात रद्द,
त्यात सव्वा किलो वाचलं.
गावात म्हणू लागले, बोहुमिला आता
नवऱ्यालाही तिकिटं चिकटवणार.

फेब्रुवारीत पंख उलटा टांगला
आणि त्यावर बटाट्यांची पोती रचली,
मी तोलून दिलेली, एकेक,
उडताना पडेल त्याच्या सहापट भार होईपर्यंत.
टोक वीतभर वाकलं.
कोठारात कुणी श्वास घेत नव्हतं.
पोती उतरवली, तसा पंख
जिथला तिथे आला, मानी माणसासारखा.

आसनं शेजारी शेजारी.
पुढे-मागे का नाही, मी विचारलं.
म्हणाला, तोल बरोबर खुर्च्यांखाली येतो,
एक जण उतरला तरी ढळत नाही.
"विमानाचा," मी म्हटलं.
तो बराच वेळ पाना शोधत राहिला.

मे महिन्यात कागद तयार झाला:
रिकामं विमान दोनशे नव्वद.
चालक चौऱ्याहत्तर.
दुसरं आसन सत्तर.

सत्तर!
अंगणात अक्रोड लावला
त्या वर्षी मी होते सत्तर.
आता त्या अक्रोडाखाली चार गाड्या उभ्या राहतात.
ही चूक नव्हती, हे मला कळत होतं,
हा त्याचा लाघवीपणा होता.
पण खोट्या वजनावर मी कधी शिक्का मारला नाही.
चपला काढल्या, मोठ्या काट्यावर चढले.
अठ्ठ्याहत्तर.

त्याने काही न बोलता पेन्सिल घेतली.
आठ किलो म्हणजे अकरा लिटर पेट्रोल,
अकरा लिटर म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं.
माझ्या खरेपणाची किंमत चव्वेचाळीस मिनिटं!
ठरलं होतं, तात्राच्या पायथ्याला जायचं,
हेद्विकाच्या घरावरून एक घिरटी घालून परतायचं.
ती अंगणात चादर पसरून ठेवणार होती, खूण म्हणून.

गवतावर एकशे साठ मीटर धावलो
आणि धक्के थांबले.
खाली मोरावा नदी, द्राक्षांच्या ओळी,
माझं पोस्ट: तिथे आता नखं रंगवून देतात.
व्हाह नदी वळते तिथवर आलो.
त्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पंख कलता केला.
पूर्वेला डोंगर होते, निळसर,
तेवढे पाहून घेतले.

उतरताना वेग कमी करत करत
बासष्टवर आला. दांडी थरथरली,
जणू कुणी आतून दार वाजवतंय.
"याच्याखाली नाही," तो म्हणाला,
आणि चाकं गवताला लागली.

संध्याकाळी बहिणीला फोन केला.
चादर दिवसभर वाऱ्याने उडत होती म्हणे,
चारी कोपऱ्यांवर तिने बरण्या ठेवल्या.
आठ किलोंची गोष्ट सांगितली तर हसत सुटली:
"ते तर मीच पाठवलेले मुरंबे!"

खरं आहे. ते पण मीच तोलले होते.