गुल्हाने सरांचा गुडघा

मैदान शाळेच्या मागे, दारव्ह्याच्या रस्त्याला.
काल संध्याकाळपर्यंत त्यावर सोयाबीन वाळत होतं.
खराटा फिरवला तरी फ्री-थ्रोच्या रेषेवर
दहा-बारा दाणे राहिलेच;
मी बुटाने ते बाहेर लोटत होते
तेव्हा सर म्हणाले, "तू लीड घे. मी मांगं राह्यतो."

मागं म्हणजे ट्रेल. चेंडूच्या तीन पावलं मागे, डावीकडे.
मी पुढे, बास्केटखाली, एंडलाइनच्या बाहेर,
जिथे बाहेर म्हणून दीड हात जागा
आणि मग भिंत, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या.
"धाही पोरी आपल्या दोघांच्या मंधात पाह्यजे,
चेंडूले सारं गाव पाह्यते."

चेंडू हिसकला की उलटतं सगळं.
मागचा पुढे होतो, पुढचा मागे.
सरांनी पळायचं, पोरींच्या आधी पोचायचं,
खांद्यावरून मैदान पाहत.
चोवीस वर्षं पळाले.
तिसऱ्या क्वार्टरला लाडखेडच्या पोरींनी चेंडू काढला
आणि सर मधल्या रेषेवरच उभे,
तळवा गुडघ्यावर.

मी गेले त्यांच्या बाजूने, शिट्टी दातात.
मग परत आले. मग परत गेले.
दोन्ही टोकांना मीच लीड,
कुणाच्या लक्षात आलं नाही.
सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

शेवटचं दीड मिनिट. चेंडू पार कोपऱ्यात,
सात नंबरची पोरगी, अंगठा सोललेला,
मी तिच्या हाताकडे बघतेय
आणि शिट्टी वाजली, माझी नाही.
मधल्या रेषेवर सरांची मूठ वर.
माझ्यापासून तीन हातांवर, बास्केटखाली,
एकीच्या बनियनचा सोगा दुसरीच्या मुठीत.
मला दिसला नव्हता.

लोक ओरडले. सरपंचांचा जावई खुर्चीवर चढला.
सरांनी शांतपणे बोटांनी नंबर दाखवला, टेबलाकडे.

नंतर नळावर तोंड धुताना मी विचारलं,
इतक्या लांबून कसं?
"दोघीच्या मंधातून मले ऊन दिसे," म्हणाले,
"मंग दिसनं बंद झालं."

शिपाई पोतं घेऊन आला, मैदानावर ओतू लागला.
सर फाटकाकडे निघाले, एक पाय टाकत, एक ओढत.
मी दंड धरायला गेले तर झटकून म्हणाले,
"लय जवळ येऊ नको.
जवळून दिसत नाही काई."