द्राक्षरस

शनिवारी पिंपळगावची द्राक्षं उकळते मी,
सोळा वर्षं, प्रभुभोजनासाठी.
पातेलं तेच, गाळायचं फडकं तेच.
प्याला उचलणारे हात मात्र आता
बिशपसाहेबांच्या पत्रात, दोन ओळींत.

शरणपूरला, उपासनेनंतर, स्कूटरला टेकून
कमिटीचे अमोलिक म्हणाले, साहेबांसाठी प्रार्थना करा.
कुणी म्हणालं, सैतानाचा हल्ला.
कुणी म्हणालं, मुलीही हल्लीच्या...
मी म्हणाले, चला, उशीर होतोय.
एवढंच म्हणाले मी.

माझ्या पोरीचा बाप्तिस्मा त्याच हातांनी.
ह्यांच्या पेटीवर पहिली मूठही त्यांचीच.
पाणी परत करता येत नाही. मातीही.

क्वायरमधली तिसरी खुर्ची
तीन रविवार रिकामी.
तिच्यावर आम्ही गीतपुस्तकं रचतो,
बरं पडतं.

आज गाळताना फडकं फाटलं,
बिया, सालं, सगळं रसात.
गॅस बंद केला.
उद्या आणतील कुठलीतरी बाटली.

केझियाच्या दाराची बेल वाजवली.
आत टीव्ही गप्प झाला.
दार काही उघडलं नाही.

पायरीवर बसलेय.
मांडीवर डबा,
त्यात उरलेली द्राक्षं,
न उकळलेली.